डोंगर न चढणारी पिकअप

इंदिरानगर, नाशिक
5 मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न मी हसून टाळला आणि फोन ठेवल्यावर ते माझे मलाच बरे वाटले नाही. “फोर बाय फोर नाही, म्हणजे चारही चाकांना जोर नाही, तू कधी डोंगरात जात नाहीस, चिखलात उतरत नाहीस, मग पिकअपचे एवढे धूड घेतलेस तरी कशाला?” शेजारच्या मुलाने मोबाईलवर दाखवलेल्या, नदीच्या पात्रातून पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या पाहून हा प्रश्न निघाला, हे मला कळते. पण ज्या माणसाने 31 वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली काढली, त्याने गाडीविषयी विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. आईची काळजी वेगळी आहे. तिच्याकडे शेवटी येते.

माझ्या लेखी पिकअप म्हणजे तिचा मागचा उघडा हौदा. बाकीची सगळी गाडी तो हौदा इकडून तिकडे नेण्यासाठी आहे. गच्चीवरच्या बागा लावून देण्याचे काम सुरू केल्यावर पहिली पाच वर्षे मी आपल्या जुन्या कारच्या मागच्या सीटा पाडून माती, कुंड्या आणि कोकोपीटच्या विटा वाहिल्या, हे तुम्ही पाहिलेच आहे. तुम्हाला न सांगितलेली गोष्ट अशी, की एका जूनमध्ये शेणखताची ओली गोणी डिक्कीत उसवली आणि तो रस सीटखालच्या गालिच्यात मुरला. दोनदा धुऊन, उन्हात ठेवून, कापूर जाळूनही वास गेला नाही. दिवाळीपर्यंत तुमचे जावई त्या गाडीत खिडकी उघडी ठेवूनच बसत असत. पिकअपमध्ये बसणारी माणसे आणि वाहायचा माल यांच्यामध्ये पत्रा असतो, आणि त्या पत्र्याचे मोल मला त्या पावसाळ्यात कळले. आता काम झाले की हौद्याचा मागचा फाळका पाडायचा, नळीने पाणी मारायचे, की पाच मिनिटांत हौदा स्वच्छ होतो.

दुसरी गोष्ट उंचीची. मोठे झाड कारमध्ये आडवे करूनच न्यावे लागते, आणि आडवे केलेले झाड खड्ड्यांतून हिंदकळले की मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटते. बारीक मुळे तुटतात, झाड लावल्यावर आठवडाभर टवटवीत दिसते आणि मग वरून सुकत येते, तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे पाहते. मागच्या महिन्यात सात फुटी सोनचाफा गंगापूर रोडवरच्या एका गच्चीसाठी नेला. तो हौद्यात उभा केला, बुंध्याला गोणपाट गुंडाळून दोन्ही बाजूंच्या कड्यांना दोरीने ताणून बांधला, आणि वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून आई, तुझी ती विटलेली हिरवी सुती साडी त्याला खालपासून वरपर्यंत नेसवली. ताशी तीसच्या वर गेले नाही. प्रत्येक सिग्नलला रिक्षावाले मान वर करून त्या झाडाकडे पाहत होते. पोहोचल्यावर साडी सोडली तेव्हा एक कळीसुद्धा गळलेली नव्हती.

बाबा म्हणतील, की यासाठी भाड्याने टेम्पो मिळतो. मिळतो, आणि मी तो पाच वर्षे घेतला. पण आपल्या जिल्ह्यात गाड्यांचे भाडे शेतमालाच्या हंगामावर चालते. जानेवारीपासून द्राक्षे, मग उन्हाळ कांदा, पावसाळा सरताना टोमॅटो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे गाड्या वळल्या, की शहरातल्या दहा कुंड्यांसाठी कोण थांबणार? एका एप्रिलमध्ये सातला ठरलेला छोटा हत्ती टेम्पो साडेदहाला आला आणि तोवर फुटपाथवर मांडलेली चाळीस मोगऱ्याची रोपे माना टाकून बसली होती. चालकाचा राग आला नाही, कारण त्याला कांद्याचे भाडे माझ्या दुप्पट मिळत होते. मात्र त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर चालणारा धंदा आपला नसतो, हे मनात पक्के बसले.

आता फोर बाय फोरचे. तो प्रकार वाईट नाही. ज्याला शेतातून, ओढ्यातून जायचे आहे त्याने घ्यावा. पण त्यासाठी पुढचा डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि आणखी एक शाफ्ट असे पुढच्या चाकांना जोर पोचवणारे जे लोखंड गाडीखाली येते, त्याचे वजन मी रोज वाहायचे, त्याचे डिझेल रोज भरायचे आणि त्यातले ऑइल वेळच्या वेळी बदलायचे, आणि वापर मात्र वर्षातून एकदाही नाही, हा हिशेब मला पटला नाही. शिवाय ज्या गुणांमुळे पिकअप खराब वाटेवर चालते, तेच गुण ओझ्यासाठी लागतात. शिडीसारखी स्वतंत्र चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, मागे कमानीचे पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि जमिनीपासूनची उंची यांचा डोंगराशी काही करार झालेला नाही. हजार किलो माती इंदिरानगरहून सातपूरला नेतानाही चासीला तेवढेच सोसावे लागते. उंची तर मला शहरातच जास्त उपयोगी पडते. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी उकरलेल्या रस्त्यांवर कारचे पोट घासत असे, तिथे ही गाडी तक्रार न करता निघून जाते.

पाट्यांविषयी तुम्हीच मला सावध केले होते, आणि ते खरे ठरले. ओझ्यासाठी बसवलेले पाटे रिकाम्या गाडीत दबतच नाहीत, त्यामुळे गतिरोधकावरून मागची बाजू अशी उडते, की डब्यातले वरण झाकणाला लागते. जोर मागच्या चाकांना असल्याने पावसात रिकामी गाडी चढावर निसरते, हेही पहिल्या जुलैमध्ये मोहदरी घाटात कळले. आता पावसाळाभर मागच्या आसाच्या वर वाळूच्या दोन गोण्या बांधलेल्या असतात. माल भरतानाही जड ते केबिनच्या पाठीला, हलके ते फाळक्याकडे, हा तुमचा नियम मी कामावरच्या दोन्ही मुलांना पाठ करायला लावला आहे. एकदा त्यांनी कुंड्या फाळक्याकडे रचल्या तेव्हा स्टिअरिंग इतके हलके झाले, की मी चौकाच्या आतच गाडी थांबवून सगळे पुन्हा रचायला लावले.

नंबराच्या पाटीच्या पिवळ्या रंगाने तुम्ही खट्टू झालात, म्हणून तेही सांगते. ही मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. नवी असल्याने दर दोन वर्षांनी फिटनेसची तपासणी करावी लागेल आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. परमिटची भानगड मात्र नाही, कारण मालासकट एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही. माझा कारचा परवाना चालतो का, ही तुमची शंका रास्त होती. साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले आहे. आणि बोलेरो ज्या शहरात बनते त्या शहरात बोलेरोचीच डबल केबिन, म्हणजे मागेही सीट असलेली पिकअप, घेतल्याने पाटा तुटला किंवा क्लच गेला, तर सुट्या भागासाठी कुणाच्या दारात बसावे लागत नाही.

धंद्यापलीकडचे एक कारण मी गाडी घेताना मोजलेच नव्हते. मागच्या श्रावणात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदाकाठी ज्याच्यावरून पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, तेव्हा सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या मावशीचा फोन आला. पाण्यात गाडी घालायची नाही हे मी आधीच ठरवले होते, आणि कुणीही घालू नये. वाहत्या पाण्यात मोठी गाडीही तरंगू लागते. पण पाणी गल्लीत शिरायच्या आत दोन फेऱ्यांत तिचा फ्रिज, शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या आणि देव्हारा असे सगळे आमच्याकडे आले. देव्हारा तिने हौद्यात ठेवू दिला नाही. तो मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर आला. पाच माणसे आत आणि सामान बाहेर, हे एकाच गाडीत जमते म्हणून तर मी डबल केबिन घेतली.

मात्र चैत्रात वणीच्या यात्रेला जायला दादाच्या मुलांनी हौद्यात सतरंजी टाकायचे ठरवले, तेव्हा मी साफ नाही म्हटले. ते रुसले, वहिनीही थोडी रुसली. माझ्या हौद्यात माणूस बसणार नाही. उघड्या गाडीत माणसे भरून घाट चढणे कायद्यात बसत नाही, आणि वळणावर काय होते ते बाबांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

तोटे लपवत नाही. भद्रकालीच्या किंवा पंचवटीच्या जुन्या गल्ल्यांत ती वळत नाही. तिथे मी गाडी बाहेर लावून स्कूटरनेच जाते. पावसात ताडपत्री बांधण्यात दहा मिनिटे जातात. रात्री हौद्यात फावडेसुद्धा ठेवता येत नाही, एक गेलेच.

आई, आता तुझे. मुलीच्या जातीने टेम्पो चालवावा का, हे तू मला नाही, मावशीला विचारलेस, आणि मावशीने ते मला सांगितले. माझ्या ओळखीत आणखी दोघी पिकअप चालवतात. एकीची दुधाची आहे, दुसरीची मंडपाची. पहिल्या महिन्यात लोक वळून पाहत असत, आता पाहत नाहीत. तुझी दुसरी तक्रार, पायरी उंच असल्याची, मला जास्त खरी वाटली. दिवाळीला तू दाराच्या दांडीला लोंबकळून चढलीस आणि गुडघा दोन दिवस दुखत राहिला. म्हणून गेल्या आठवड्यात तुझ्या बाजूला रुंद पायरी वेल्ड करून घेतली, घराच्या उंबऱ्याएवढ्या उंचीची. वर खरखरीत पत्रा आहे, चप्पल घसरणार नाही. आत धरायला एक जास्तीची दांडीही बसवली आहे.

येत्या रविवारी सकाळी सिन्नरमार्गे गावी येते. परसातला तो सागाचा जुना दिवाण आणि बाबांचा काम पकडून धरायचा बाकावरचा शेगडा नाशिकला आणायचे आपण दोन वर्षे बोलत आहोत. दोन्ही एकाच फेरीत येतील. दिवाणाचे पाय बाबांनी आधी सोडून ठेवले तर बरे. दोरी शोधत बसू नका, माझ्याकडे आहे.

तुमची,
मृणाल