मशीनच्या आत मानसपूजा

प्रभादेवी, मुंबई

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

एमआरआयची तारीख पुन्हा पुढे ढकललीस म्हणे. (ताईनेच फोन केला होता, तिच्यावर रागावू नकोस.) बंद जागेची तुझी भीती कॉलेजपासूनची, लिफ्ट सोडून जिने चढायचास. तेव्हा ‘घाबरू नकोस’ असलं काही लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाला ते ऐकून राग तेवढा येतो.

गेल्या वर्षी कंबरेसाठी मीही त्या नळकांड्यात झोपून आलो. दुखत काही नाही, क्ष-किरणही नसतात. त्रास आवाजाचा. आतल्या तारांच्या वेटोळ्यांतली वीज सारखी चालू-बंद होते, भोवतीच्या जबरदस्त चुंबकामुळे ती थरथरतात आणि ठकठक, घर्रर्र सुरू होतं. आधी माहीत असलं की निदान मशीन बिघडलंय असं वाटत नाही.

बाकीचं आजीच्या मानसपूजेने निभावलं. ती अंथरुणाला खिळल्यावरही रोज डोळे मिटून पूजा करायची, आठवतं? तांब्या नाही, फूल नाही, पण आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे सोळा उपचार क्रमाने व्हायचेच. मी आत सरकण्याआधीच डोळे मिटले आणि वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्या उतरलो. समुद्र हाकेवर, तरी तिथलं पाणी गोडं. तहानलेल्या रामासाठी लक्ष्मणाने बाण मारून काढलं म्हणतात. कळशी भरली, ओल्या पायऱ्यांवर जपून पाय टाकत वर आणली. रामाला स्नान, वस्त्र, मग गंध. गंधाला मुद्दाम वेळ लावला. सहाणेवर पाणी किती घ्यायचं, खोड कसं फिरवायचं, वास कधी सुटतो... मशीन ठणठणायला लागल्यावर क्रम मोडून सरळ आरतीच धरली. झांजा आयत्याच मिळाल्या!

भीतीसुद्धा कल्पनेवरच पोसते रे. न घडलेलं इतक्या बारकाईने रंगवते की ‘देव पाठीशी आहे’ असल्या मोघम दिलाशाला ती बधत नाही. तिच्यासमोर गंध उगाळण्याइतकं बारीक काम लागतं. आणि ते कुणासाठी तरी करायला हवं, नाहीतर मन कंटाळून परत नळकांड्यात येतं. श्रद्धा मला तिथे उपयोगी पडली. रिपोर्ट चांगला यावा, हे रामाकडे मागायचं राहूनच गेलं. हात कामात होते.

तू देव मानत नाहीस, ठाऊक आहे. मग अण्णांसाठी चहा कर. गिरगावच्या खोलीतला तो स्टोव्ह पेटवण्यापासून सुरुवात कर, आलं ठेच, त्यांचा कप शोध. ते गेले, पण त्यांना तू अजून मानतोसच ना?

तिथल्या माणसाला भीतीचं आधीच सांग. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की आपल्याला काय होतंय ते बघतात. अगदीच जमलं नाही तर गुंगीचं औषध मिळतं का, हे डॉक्टरांना विचार; त्यात कमीपणा कसला?

नवी तारीख घे आणि कळव. घड्याळ, अंगठी, मोबाईल आत चालत नाही, ते सांभाळत मी बाहेर बसेन. आणि ताईला आजच फोन कर, ती माझं डोकं खातेय.

तुझा,
सदा