गोल्डस्ट्रीमच्या काठी भेटलेल्या स्वयंसेविका बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटावरील गोल्डस्ट्रीम नदीकाठी आपण आम्हा बापलेकींना तासभर दिलात, त्याबद्दल हे पत्र. अंडी घालून मेलेले चम सालमन मासे काठाशी कुजत पडले होते आणि नाकाला रुमाल लावून मी आपल्याला विचारले होते, ‘हे कोणी उचलत का नाही?’ आपण शांतपणे म्हणालात, ‘उचलले, तर हे रान उपाशी राहील.’ त्याआधी मुलीला घेऊन मी पाण्यात उतरत होतो. खडीखाली अंडी आहेत, असे सांगून आपणच थांबवलेत.

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सालमन’ म्हणतात, त्यामुळे हा मासा ओळखीचा आहे असा माझा समज होता. दोघांचे कूळ निराळे, हे आपल्यामुळे कळले. चम सालमनचे पिल्लू बोटभरही नसताना समुद्रात जाते आणि बहुधा तीन ते पाच वर्षांनी परतते, तेव्हा त्याच्या अंगातील जवळजवळ सारे नत्र आणि स्फुरद समुद्राचे असते. नद्या जे अखंड खाली वाहून नेतात, त्यातले थोडे हा मासा प्रवाहाविरुद्ध चढून परत आणतो.

कॅनडाच्याच हैदा ग्वाई बेटांवर जीवशास्त्रज्ञ टॉम राइमखेन यांनी पाहिलेली अस्वले आपण डोळ्यांसमोर उभी केलीत: मासा झाडीत ओढून नेणारी, मेंदू आणि अंडी आवडीने खाऊन उरलेले टाकून देणारी. त्या उरलेल्यावर घोंगावणाऱ्या माश्यांच्या अळ्या पोसतात आणि पावसाने झिरपलेले सत्त्व मुळांना मिळते. समुद्री नत्रात नायट्रोजन-१५ चे, म्हणजे नत्राच्याच जड प्रकाराचे, प्रमाण अधिक असल्याने त्याचा माग पानांत आणि खोडाच्या वलयांतही लागतो. मला सर्वांत पटला तो अलास्कातील हॅन्सन ओढ्याचा दाखला. तेथे संशोधकांनी २० वर्षे मेलेले मासे मोजून एकाच काठावर टाकले आणि पुढे त्या काठावरचे स्प्रूस वृक्ष अधिक वेगाने वाढलेले आढळले. इतक्या साध्या, चिकाटीच्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पाऊस पडत होता, आमच्यामागे आणखी माणसे थांबली होती, तरीही ‘झाडाला माशाची चव कळते का?’ या माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला आपण खाली बसून, तिच्या डोळ्यांत पाहत, पूर्ण उत्तर दिलेत. त्याबद्दल विशेष आभार.

आपला कृतज्ञ,
एक बाप