कच्चं खा हो, पण गोळी कोणाला विचारून बंद केली?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही कच्चा आहार आणि निसर्गोपचारावर पानभर लेख छापला आणि सोमवारी सकाळी मी शटर वर करत नाही तर त्याचं कात्रण घेऊन गिऱ्हाईक हजर. माझं मानेवाडा रोडकडे मेडिकल आहे. दोन दिवस लोक एकच विचारून राहिले, ताई हे केलं तर बीपीची गोळी सुटते का, शुगरची सुटते का, आणि एकदोघांनी तर विचारलंही नाही, महिन्याच्या औषधातून दोन स्ट्रिपा कमी करून टाका म्हणाले, आता रस सुरू केला आहे. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा पण मधलं कापू नका.

आता कोणी म्हणेल हिचा धंदाच गोळ्यांचा, ही तर बोलणारच. तर आधी हिशोबच सांगून टाकते. बीपी-शुगरच्या ज्या गोळ्या सरकारच्या किंमत नियंत्रणात येतात त्यावर आम्हा दुकानदारांना १६ टक्के मार्जिन, तेही दहा-पंधरा गोळ्यांच्या स्वस्त स्ट्रिपवर. आवळा, जांभूळ, कारल्याच्या रसाच्या बाटल्या आणि गव्हांकुराच्या पावडरीच्या डब्यांना असं काही नियंत्रण नाही, त्यात जास्तच सुटते. नुसता धंदा पाहायचा असता तर तुमच्या लेखासाठी मी तुम्हाला पेढे पाठवले असते.

आणि कच्चं खाण्याशी माझं काही वाकडं नाही. आपल्याकडे भाकरीसोबत फोडलेला कांदा, मुळा, काकडी, टमाटर, भिजवलेले चने, मोड आलेली मोट म्हणजे मटकी, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर आणि निंबू, हे काय नवीन आहे का? संत्र्याच्या सीझनमध्ये तर नागपूरच्या माणसाला फळ खा म्हणून सांगायचीही गरज नाही. व्हिटॅमिन सी उष्णतेनं कमी होते हे खरं आहे, कच्च्या भाज्यांनी पोट भरते आणि पोट साफ राहते हेही खरं. आणि जो माणूस रोजचा तर्री पोहा, संध्याकाळचा समोसा आणि रविवारचं सावजी सोडून काकडी-गाजरावर येईल त्याचं वजन उतरणारच, वजन उतरलं की शुगरही उतरते. यात खोटं काहीच नाही. पण ते कच्चं खाल्ल्यामुळं झालं की समोसा सुटल्यामुळं, हे लेखात कुठंच नव्हतं.

ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला त्याचा निकाल आला. टाइप टू शुगरच्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीच दिल्या, आणि वर्षभरानं त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय आटोक्यात होती. मोठीच गोष्ट आहे, मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगते. पण त्यांना खायला काय दिलं तर पाकिटातलं सूप आणि शेक! कच्चं नाही आणि निसर्गाचंही नाही. जादू वजन उतरण्यात होती. आणि हे लोक शुगर असल्याचं कळून सहा वर्षं न झालेले, इन्सुलिनवर नसलेले. गोळ्या पहिल्या दिवशीच बंद केल्या पण त्या डॉक्टरांनी केल्या, नंतर तपासण्या सुरूच होत्या. आपल्याकडे गोळी बंद कोण करते? बगिच्याबाहेर रस विकणारा, शिबिरातले गुरुजी, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेव्हणा.

लेखात आणखी एक, शिजवलं की एन्झाइम मरतात म्हणून ४५-४८ डिग्रीच्या वर काही गरम करायचं नाही. अहो बाप्पा, आमच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता! मग त्या दिवशी ठेल्यावरची काकडी शिजलेली धरायची का कच्ची? गंमत सोडा, भाजीतलं एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये त्याचा बहुतेक निकाल लागतो, आपलं जेवण पचवायला आपल्या शरीराची एन्झाइम आहेत. आणि काही गोष्टी शिजवूनच जास्त कामाच्या होतात. टमाटरातलं लायकोपीन, गाजरातलं कॅरोटीन शिजवून थोड्या तेलात अंगी जास्त लागते. राजमा तर कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला की उलट्या सुरू, त्यातलं विष चांगलं उकळल्याशिवाय जात नाही. आपल्या पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ घ्या. १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती हे जुन्या लोकांना आठवत असेल, महिनोन्महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडत. आपल्या आज्या ती भिजवून, उकळून पाणी फेकून देत होत्या आणि त्या फेकलेल्या पाण्यासोबत विषाचा बराच भाग जात होता. स्वयंपाक काय उगाच सुरू झाला का माणसाचा?

आता लवकी, म्हणजे दुधी भोपळा. माझा खरा राग इथं आहे. तुमच्या लेखाखाली चौकटीत 'हृदयासाठी अमृत' म्हणून कृती दिली आहे, लवकी, कारलं, काकडी, सगळं मिक्सरमधून काढा आणि सकाळी उपाशीपोटी प्या. साहेब, नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलेलं आहे. लवकी, काकडी, दोडकं या सगळ्या वेलांच्या जातीत कुकुरबिटासिन नावाचं कडू विष राहते, एरवी अगदी कमी, पण एखादं फळ कडू निघालं की भरपूर. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा लवकी-कारल्याचा कडू रस पिऊन मृत्यू झाला, पेपरांत गाजलं होतं तेव्हा. मग आयसीएमआरनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेनं, तज्ज्ञांची समिती बसवली. त्यांचं सांगणं साधं आहे, रस काढायच्या आधी लवकीचा तुकडा चाखून पाहायचा, कडू लागली तर फेकायची, तिचा रस दुसऱ्या कशात मिसळायचा नाही, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात दुखणं सुरू झालं की सरळ दवाखाना गाठायचा. रक्ताची उलटी होते, बीपी झपकन पडते, त्यावर उतारा म्हणून औषध नाही. आता कारलं घातल्यावर कडू लवकीचं आहे का कारल्याचं हे कोणाच्या बापाला कळणार? वरून लोक नाक दाबून पिऊन टाकतात, कडू म्हणजे गुणकारी असं आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

दुसरं मोड आलेल्या मेथीचं. २०११ मध्ये जर्मनीत कच्च्या मोडांतून ई-कोलाय नावाच्या जंतूची साथ आली, माग काढत गेले तर मेथीच्या बियांपर्यंत पोचले, पन्नासच्या वर माणसं मेली. मोड यायला जी ओल आणि ऊब लागते तीच जंतूंना लागते. एवढं तिथं झालं, आपल्या इथं तर नाग नदीत शहराचं सांडपाणी जाते आणि खालच्या अंगाला त्याच पाण्यावर पालेभाजी पिकते. पानावर फीतकृमीची अंडी आली आणि ती पोटात जाऊन मेंदूत गाठ झाली की झटके येतात, आपल्या देशात झटक्यांच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे, आणि याला मटण-मच्छी न खाणारा माणूसही सुटत नाही. म्हणून मोड एक वाफ काढून खा, पालेभाजी शिजवूनच खा, कच्ची काकडी-गाजर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि सोला. इतकं तरी छापायला काय जात होतं?

लेखात बापूंचंही नाव घेतलं आहे, सेवाग्राम जवळ आहे म्हणून आपल्याकडे ते पटकन चालून जाते. मग पूर्ण गोष्ट सांगा ना. बापूंनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, पोट बिघडलं, अशक्तपणा आला, आणि त्यांनी तो थांबवला, थांबवल्याचं लपवलंही नाही. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत होती, पण १९२४ मध्ये अपेंडिक्स झालं तेव्हा ऑपरेशन पुण्याच्या ससूनमध्येच झालं. मातीच्या पट्टीवर कोणी थांबून राहिलं नाही.

माझ्या काउंटरवर काय दिसते ते सांगते, नावं कोणाचीच नाही. बीपीच्या काही गोळ्या एकदम सोडल्या की बीपी आधीपेक्षा वर उसळते, छातीत धडधड होते, हे शिबिरात जाऊन गोळी सोडलेल्या एका काकांना तिथं कोणी सांगितलं नव्हतं. उलट दुसरे, गोळी सोडत नाहीत, शुगरची जोरदार गोळी घेतात आणि दिवसभर फक्त काकडी-टमाटर, मग चार वाजता घाम फुटून शुगर लो. थायरॉइडवाल्या बायका पहाटे गोळीसोबतच रसाचा ग्लास, ती गोळी फक्त पाण्यासोबत घ्या आणि पुढं अर्धा-एक तास काही नको हे मी रोज सांगते आणि रोज विसरतात. किडनी कमजोर असलेल्या माणसाला नारळपाणी आणि फळांचे रस म्हणजे पोटॅशियमचा मारा, हृदय बंद पडू शकते, आणि पालकाचा रस रोज पिऊन त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या क्षारामुळं किडनी खराब झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्या आहेत. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असलेल्यानं एकदम हिरवा रस सुरू केला तर त्यातल्या व्हिटॅमिन के मुळं गोळीचं काम बिघडते. गुळवेल तर कोरोनात घरोघरी उकळली, नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला त्रास झालेल्या केसेस छापल्या, आयुष मंत्रालय म्हणालं ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. बरं, तसंच धरू. कुंपणावरून तोडून आणणाऱ्याला त्या दोन वेलींतला फरक कळतो का?

ज्यांना फायदा झाला त्या चार लोकांचे फोटो तुम्ही छापले, छान दिसतात, अभिनंदन. पण ज्यांना त्रास झाला ते फोटो काढायला तुमच्या ऑफिसात येत नाहीत, ते रात्री अकराला माझं अर्धं पडलेलं शटर वाजवतात.

आणि शेवटचं, तुम्हाला आवडणार नाही. त्याच अंकात आतल्या पानावर एका शिबिराची जाहिरात होती, 'मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद'. १९५४ चा औषधी आणि जादुई उपाय कायदा आहे, त्यात मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर इलाजाचा दावा करणारी जाहिरात करायला मनाई आहे, आणि ती छापण्यात भाग घेणाऱ्यालाही तो कायदा लागू होतो. म्हणजे जाहिरात देणारा एकटा नाही, तुम्हीपण. तुमच्या जाहिरात विभागाला एकदा हे विचारून त्याचं उत्तर याच पत्राच्या खाली छापाल का?

पुढच्या रविवारी दुसरा भाग येणार असं लेखाखाली लिहिलं आहे. त्याच्या आधी मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या एखाद्या आहारतज्ज्ञाकडून तो वाचून घ्या, आणि लवकीच्या चौकटीची दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात द्या. ते कात्रण लोकांनी फ्रिजवर चिकटवून ठेवलेलं आहे.

आपली,
एक मेडिकलवाली वाचक, मानेवाडा रोड, नागपूर