दादा आळशी झालेला नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आवाज ऐकू येणं थांबलं ना, मग आता उठायला काय होतं त्याला?" तेव्हा दादा शेजारीच होता, म्हणून उत्तर पत्रातून देते आहे.

दादाच्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारातले भास आणि संशय आपल्याला दिसले, त्यांनी आपण घाबरलो. गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं काम रोखतात आणि ही लक्षणं बहुतेकांची आटोक्यात येतात. पण काही करावंसंच न वाटणं, बोलणं आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, अंघोळीचंही ओझं होणं, हाही आजारच. त्यावर आजच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. थोडी सुस्ती गोळ्यांचीही असेल, ते डॉक्टरांना विचारू. मात्र आपल्या मनाने त्या बंद करायच्या नाहीत. बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो.

आई, तू अजून स्वतःला दोष देतेस. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी या आजाराचं खापर आईवर फोडणारी कल्पना मांडली आणि पुढे कित्येक वर्षं आयांनी ते सोसलं. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली. तुझ्या कुठल्याही रागावण्याने हे झालेलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

घरातल्या बोलण्याने आजार होत नाही, पण तो उलटण्याशी त्याचा संबंध आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की ज्या घरांत सतत टीका, चीड किंवा नको इतकी काळजी असते, तिथले रुग्ण पुन्हा जास्त वेळा आजारी पडतात. म्हणून बाबा, "लाज वाटत नाही का" हे नको. "दहा मिनिटं माझ्याबरोबर चालायला येतोस?" एवढंच विचारा. नाही म्हणाला तर उद्या पुन्हा. आणि आई, त्याचे कपडे त्यालाच आवरू दे, कितीही वेळ लागो. तुला हे जास्त जड जाईल, मला माहीत आहे.

त्याची झोप उडाली, तो खोलीत कोंडून घेऊ लागला किंवा पुन्हा संशय बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, मग मला.

तुमच्यानंतर त्याचं कसं, हे तुम्ही विचारत नाही, पण मला कळतं. पुढच्या तपासणीला मी येते. गोळ्यांची नावं आणि डोस कागदावर लिहून ठेवा, आणि मी आलेलं चालेल का, हे दादाला आधी विचारा.

तुमची,
ताई