चाळीस मतदारसंघ आणि ज्ञानाधारित अर्थव्यवस्था

संपादक महोदय,

गोव्याने ज्ञानाधारित उद्योगांकडे वळावे, असे 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून सर्वच पक्ष म्हणत आले आहेत. मात्र ज्या राजकीय रचनेतून हे घडायचे, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

विधानसभेच्या जागा 40 आणि 2022 च्या निवडणुकीत मतदार सुमारे साडेअकरा लाख, म्हणजे एका आमदारामागे जेमतेम 29 हजार. आमदार दारी येतो, नावानिशी ओळखतो, ही या रचनेची जमेची बाजू मी मोलाची मानतो. पण याच जवळिकीमुळे त्याचे यश त्याने किती घरांत सरकारी नोकरी दिली यावर मोजले जाते, आणि दहा-पंधरा वर्षांनी फळ देणारी प्रयोगशाळा कोणाच्याच मतांच्या हिशेबात बसत नाही. शिवाय लहान राज्यांना घटनेने किमान 12 मंत्र्यांची मुभा दिल्याने सभागृहातील जवळपास एक-तृतीयांश सदस्य मंत्री होऊ शकतात. काँग्रेसचे 2019 मध्ये 15 पैकी 10 आणि 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटण्यासाठी लागणारी दोन-तृतीयांश आमदारांची अट इतक्या थोड्या माणसांत सहज पुरी होते. अशा अस्थिरतेत दीर्घ पल्ल्याचे धोरण कोणी धरून ठेवायचे?

आयआयटीचेच पाहा. ती 2016 मध्ये आमच्या फोंडा तालुक्यात, फर्मागुढीला तात्पुरत्या जागेत सुरू झाली. पुढे लोलये, सांगे, शेळ-मेळावली अशी नावे निघाली आणि मेळावलीचा प्रस्ताव जानेवारी 2021 मध्ये आंदोलनानंतर मागे घ्यावा लागला. तेथील लोकांना विकासविरोधी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांची काजूची बागायत जाणार होती, त्यांना विश्वासात न घेता जागा ठरवणे हीच मूळ चूक होती.

राज्य लहान आहे म्हणून हे अशक्य आहे, असे नाही. सुमारे 13 लाख वस्तीच्या एस्टोनियाने 2005 मध्येच इंटरनेटवरून मतदान सुरू केले. तो सार्वभौम देश आहे आणि तेथील संसद प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने निवडली जाते; निवडणूक पद्धत बदलणे आपल्या विधानसभेच्या हाती नाही. ग्रामसभेला आधी विचारणे मात्र नक्कीच सरकारच्या हाती आहे. यापुढे कोणत्याही संस्थेसाठी जागा निश्चित करण्यापूर्वी आराखडा, पाण्याची गरज आणि जाणाऱ्या जमिनीचा तपशील त्या गावाच्या ग्रामसभेपुढे ठेवावा, अशी माझी सरकारला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा