पाळणाघराच्या काकूंना, आई-बाबांकडून

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

येत्या दिवाळीनंतर तुम्ही पाळणाघर बंद करून नाशिकला मुलाकडे राहायला जाणार, हे कळल्यापासून आम्हा पालकांमध्ये तुमच्या निरोप समारंभाची चर्चा सुरू आहे. शाल-श्रीफळ होईलच, आणि मुलांना जीव लावून सांभाळल्याबद्दल आभार मानणारेही पुष्कळ आहेत. परंतु तुम्ही त्या मुलांच्या आई-बाबांनाही खाऊ घातलेत, आणि तेही अशा रीतीने की पोट भरले व वजन मात्र उतरत गेले. ही गोष्ट भाषणांच्या गर्दीत राहून जाईल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते मुद्दाम उघडे लिहिले आहे, कारण संध्याकाळी लोकलमधून उतरून पाळणाघराकडे धावणारे आई-बाबा काही फक्त डोंबिवलीतच राहत नाहीत.

वजन कमी करण्याचा सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पहाटे उठून चालायला जा, रात्री सातच्या आत जेवा, ताजे सॅलड कापून खा, हे सगळे बरोबरच असते. पण ते ज्याच्यासाठी सांगितलेले असते तो माणूस रात्रभर सलग झोपलेला असतो आणि संध्याकाळी सात वाजता आपल्या घरी पोहोचलेला असतो. दात येणारे बाळ ज्यांना रात्रीतून अनेकदा उठवते त्यांची गोष्ट वेगळी असते. झोप अपुरी पडली की भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन घटते, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि त्या भुकेला काकडी नको असते, तिला तळलेले आणि गोड हवे असते. कंबरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले होते. तो आत कसा आणावा, याची सुरुवात मात्र तुमच्या दारात झाली.

सुरुवात अगदी साधी होती. मुलाला न्यायला आलेल्या पालकाच्या हातात तुम्ही दप्तर देण्याआधी एक वाटी देत होतात. त्या वाटीत कधी मटकीची उसळ असे, कधी हिरव्या मुगाचे पातळ कढण, कधी उकडलेले हरभरे आणि त्यावर कांदा, टोमॅटो व लिंबू. "आधी हे खा, मग पोराला उचला," एवढेच तुमचे सांगणे असे. आम्हाला तो पाहुणचार वाटला. त्यामागचा हिशेब पुढे ध्यानात आला. संध्याकाळी सात ते रात्री साडेनऊ हा आमच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा काळ होता. स्टेशनबाहेरचा वडापाव, घरी पोहोचल्यावर हातात येणारे फरसाण, चहाबरोबरची खारी, मुलाचा वरणभात कालवताना तोंडात टाकलेले चार घास, आणि या सगळ्यावर पुन्हा साडेनऊचे पूर्ण जेवण. सात वाजता वाटीभर कडधान्य पोटात गेले की मधले सगळे आपोआप गळून पडे आणि रात्रीचे ताटही लहान होई, आणि त्यासाठी कोणाला निश्चय वगैरे करावा लागत नसे. (त्या वाटीचे पैसे तुम्ही महिन्याच्या हिशेबात धरायला तयार नव्हतात आणि आम्ही अक्षरशः भांडून ते धरायला लावले, हे इथे नोंदवून ठेवतो.)

तुमची खिचडी मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण आमच्या घरातील निम्म्या रात्री तिने सांभाळल्या. घरोघरी खिचडीत तांदूळ जास्त आणि डाळ कमी असते; तुम्ही ते प्रमाण उलटे केलेत. एक वाटी तांदळाला दोन वाट्या सालीची मूगडाळ, दोन्ही धुऊन अर्धा तास भिजवलेली. कुकरमध्ये दोन चहाचे चमचे तेल, त्यात मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेले आले, मग हळद, आणि त्यानंतर दुधी, गाजर, फरसबी, पालक असे घरात जे असेल ते, डाळ-तांदळाच्या बरोबरीने. पाणी आठ ते नऊ वाट्या, म्हणजे खिचडी मोकळी न होता आसट होते. चार शिट्ट्या झाल्यावर कुकर आपोआप उतरू द्यायचा, आणि तोवर मुलांचे हातपाय धुऊन होतात. वरून तूप घालायचे ते अर्धा चमचा आणि तेही ताटात वाढल्यावर, कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे पातेल्यात घातलेले तूप दिसत नाही आणि न दिसणारे तूप कोणालाच पुरेसे वाटत नाही. सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि तेवढ्याच तांदळात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे प्रमाण उलटे केल्यावर तीच वाटीभर खिचडी रात्री उशिरापर्यंत टिकते. शिवाय त्याच पातेल्यातली खिचडी दीड वर्षाच्या मुलीला मऊ घोटून देता येते, मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी दुसरा असा दोनदा स्वयंपाक लागत नाही. वजन कमी करणाऱ्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पाककृतींमध्ये हा विचार मला फार क्वचित दिसला.

काम कमी करण्यापेक्षा ते अंगात त्राण असलेल्या वेळेकडे सरकवणे, ही तुमची खरी शिकवण, असे मला वाटते. थकलेल्या माणसाला संध्याकाळी स्वयंपाकापेक्षाही काय करायचे हे ठरवणे जड जाते, म्हणून ठरवण्याचे काम तुम्ही रविवार सकाळकडे नेलेत. शनिवारी रात्री मूग, मटकी आणि चवळी वेगवेगळी भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, आणि मोड आले की एका वेळच्या मापाचे डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे. कांदा, सुके खोबरे, लसूण भाजून केलेले वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचे, म्हणजे एका उसळीला दोन वड्या एवढे माप ठरून जाते आणि हात सैल सुटत नाही. कुकर लावताना सर्वांत खालच्या डब्यात डाळ, मधल्यात भात आणि वरच्यात बटाटे किंवा रताळी, असा एकाच गॅसवर तीन गोष्टींचा बेत तुम्ही मला प्रत्यक्ष रचून दाखवला होता. मोड कच्चे देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच, शिजवूनच द्या, ही तुमची ताकीदही आम्ही पाळतो.

बटाट्याची बाजू घेतल्याबद्दल स्वतंत्र आभार. वजन कमी करायचे म्हटले की लोक सर्वांत आधी बटाट्याला घराबाहेर काढतात. सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ खाद्यपदार्थांची परीक्षा घेतली होती. प्रत्येक पदार्थ २४० किलोकॅलरींच्या मापाने खाऊ घालून पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते ते त्यांनी मोजले, तेव्हा साधा उकडलेला बटाटा सगळ्यांच्या वर आला आणि लोण्याने भरलेला क्रोसाँ तळाशी राहिला. तुम्ही आम्हाला दिलेले बटाट्याचे दह्यातले भरीत, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घातलेले, हे त्याच निष्कर्षाचे डोंबिवलीतले रूप होते. बटाट्याला बदनाम केले ते कढईने. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० किलोकॅलरी असतात, आणि आपल्या भाज्यांवर तरंगणारा तवंग काही एका चमच्याचा नसतो. तुमच्याकडे तेलाची बरणी ओतण्याची नव्हती, त्यात चमचा बुडवून ठेवलेला असे. आम्हीही आता तसेच करतो. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मात्र तुम्ही निष्ठुर होतात: नुसता पिष्ट, त्यावर तूप, त्यावर दाण्याचा कूट, आणि खाणाऱ्याला वाटते आपण उपास केला. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण तुमच्या तोंडून ऐकल्यापासून माझ्या आईने उपासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याच्या आमटीचा आकार दोन्ही आटोक्यात आणले आहेत.

मुलांच्या ताटात उरलेले अन्न हा आम्हा सर्वांच्या वजनाचा एक न मोजलेला भाग होता. अन्न टाकायचे नाही हा संस्कार पक्का, त्यामुळे अर्धी पोळी, तीन घास भात, चावून ठेवलेला पराठ्याचा तुकडा, हे सर्व ओट्याशी उभे राहून पोटात जायचे आणि त्याची जेवणात गणती होत नसे. यावर तुम्ही उपदेश केला नाहीत. मुलांची ताटे कशी वाढता ते फक्त दाखवलेत. लहान वाटीत दोन चमचे भात, पोळीचा चतकोर, आणि संपले की मुलाने स्वतः मागायचे. जे पातेल्यातच राहिले ते झाकून फ्रिजमध्ये गेले, म्हणजे वायाही गेले नाही आणि आमच्या पोटातही गेले नाही.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना तुम्ही वेगळे वागवलेत, याबद्दल माझी पत्नी तुमची विशेष ऋणी आहे. प्रसूतीची रजा संपवून कामावर परतलेल्या बाईला जो तो 'आता जरा आवर' असे सांगत असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशींनुसार स्तनपान देणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत सुमारे ५२० किलोकॅलरी अधिक लागतात. तुम्ही आकडे न सांगता तिला एकऐवजी दोन वाट्या उसळ वाढत होतात आणि वजनाचे नंतर बघू म्हणत होतात. बंद करायला लावलेत ते फक्त डिंकाचे लाडू, कारण बाळंतपण सरून कितीतरी महिने झाले तरी माहेरून येणारे डबे काही थांबले नव्हते. अळिवाची खीर राहू दिलीत, तीही बेताच्या गुळाची.

काही रात्री अशाही असतात की कुकर लावण्याचेही बळ नसते. त्या रात्रींसाठीचा तुमचा सल्ला छोटा होता: पोळीभाजी केंद्रातून पोळ्या नेहमीपेक्षा दोन कमी आणि भाजी दुप्पट घ्या, घरी दोन अंडी उकडा, ताक करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अर्धे ताट भाज्या व फळांचे असावे आणि २,००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी असे म्हटले आहे. विकतच्या जेवणातही त्याच्या जवळपास जाता येते, हे आम्हाला एरवी सुचले नसते.

आमची वजने सावकाश उतरली, मध्ये गणपतीत आणि लग्नसराईत थांबली, पुन्हा उतरू लागली. डॉक्टर समाधानी आहेत. पत्नीला गुडघेदुखी राहिली नाही आणि मला मुलीला कडेवर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता जाता येते. आमच्या इमारतीची लिफ्ट पाहता ही काही लहान सोय नव्हे.

आता एक विनंती. तुमच्या थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे हे सगळे कोणत्या प्रमाणात जाते, असे विचारले की तुम्ही "अंदाजाने" असे सांगता. नाशिकला जाण्यापूर्वी एका रविवारी तुम्ही ती आमच्यासमोर करावीत, अशी सर्व पालकांची इच्छा आहे. धान्य आम्ही आणू, भाजण्याचे कष्ट आम्ही घेऊ, दळण आणायलाही आम्हीच जाऊ. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त मुठीने वाटा काढायचा. प्रत्येक मूठ वजनकाट्यावर ठेवून लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोणता रविवार सोयीचा आहे तेवढे कळवावे.

आपले नम्र,
तुमच्या पाळणाघरातील दोन मुलांचे आई-बाबा
डोंबिवली पूर्व