घरातल्या जुन्या पितळेसाठी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आमच्या चित्रकलेच्या वर्गाची सहल छान झाली. फोनवर तुम्हाला धावतपळत सांगितलं, पण त्यात खरं सांगायचं ते राहिलंच.

पहिल्या दिवशी पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. बाईंनी दारातच बजावलं, सगळं बघत फिरायचं नाही, एका वस्तूपुढे बसायचं. तिथे २०,००० हून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या २,५०० च्या आसपास मांडलेल्या. चष्म्यांचा धंदा करणारे आणि ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर गावोगाव हिंडून दिवे, दौती, फण्या, अडकित्ते जमवत राहिले, आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. बाबा, हे कळल्यावर त्या कपाटांपुढून माझा पाय निघेना.

मी वज्रीपुढे बसले. आई, टाचा घासायची पितळी वज्री! खालून खरखरीत, वर धरायला मोर. न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणारी वस्तू, तिला मोर कशाला हवा? पण कुणा ओताऱ्याला तो करावासा वाटला, आणि मान वळवली तीही बोटं नीट बसतील अशी. ती वळणदार रेघ मी परत परत काढली. काही महिने माझा हात बरा वळत होता, पण काय काढावं हेच सुचत नव्हतं. तिथे सुचलं. मला घरातल्या, हाताने झिजलेल्या वस्तू काढायच्या आहेत. त्यांची अख्खी मालिका करायची आहे.

दुसऱ्या दिवशी औंधला गेलो, सातारा जिल्ह्यातल्या. यमाईच्या टेकडीवर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आहे. राजे स्वतः चित्रकार होते. सगळे राजा रवि वर्मांच्या चित्रांकडे धावले, मी मात्र इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरच्या दगडी ‘माता आणि बालका’भोवती फिरत राहिले. नाकीडोळी काही रेखीव नाही, नुसते गोलसर आकार, तरी आईने लेकराला धरलंय ते पाठीमागूनही कळतं. वज्रीच्या मोरालाही मी आता तसाच, कमीत कमी रेघांत काढून बघणार आहे.

तर काम असं. आजीचा अडकित्ता, तिची वज्री आणि माळ्यावरची समई मला हवी आहे. दादा दिवाळीआधी येईल त्याच्याबरोबर पाठवा. आई, चिंच लावून घासू नकोस हं, तो काळपटपणाच मला रंगवायचा आहे. आणि बाबा, अडकित्ता कुणी, कुठल्या बाजारातून आणला होता, आजी तो कुठे ठेवायची, आठवेल तेवढं लिहून पाठवा. चित्राखाली तुमच्याच अक्षरात ते लावीन.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची लेक